अक्कांच्या शून्य चुका

फरशीतली खोट अक्कांच्या नजरेतून सुटली असं आजवर झालेलं नाही. हे अक्का स्वतःच सांगतात, म्हणून ते खरं मानायचं. घरात दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही, कारण प्रश्न पुरा व्हायच्या आधीच सगळ्यांच्या माना होकारार्थी हलायला लागतात.

घर फरशी बसवणाऱ्यांचं. आधी मिस्त्री, म्हणजे अक्कांचे यजमान, हे काम करायचे. आता त्यांचे गुडघे गेले आणि काम दोघा मुलांकडे आलं. अक्कांनी जन्मात थापी हातात धरली नाही, शाळेचंही तोंड धुळाक्षरांपुरतंच पाहिलं. पण काम पास करायच्या त्याच. खोली झाली की अक्का दारात चपला काढतात, पदर खोचतात आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात अनवाणी चालत जातात. एखादा सांधा केसाएवढा वर असला तरी त्यांच्या तळव्याला कळतो. मग थोरला असो की धाकटा, घरमालकाच्या बायको-मुलांसमोर त्याचं जे काही होतं, ते मालकाला बघवत नाही आणि तो बिचारा स्वतःच म्हणतो, राहू द्या हो अक्का, एवढं काही वाईट नाही.

त्यांचा एक कायदा मात्र अख्ख्या घराला पाठ होता. फरशीची खोकी एकाच रंगाची म्हणून येतात, पण प्रत्येक खोक्याचा रंग तसूभर वेगळा असतो. एकाच खोक्यातल्या फरश्या ओळीने लावत गेलं तर दिवा लागला की जमिनीवर डाग पडल्यासारखा दिसतो. म्हणून चार खोकी एकदम फोडायची, माल मिसळायचा आणि सारख्या रंगाच्या तीन फरश्या शेजारी येऊ द्यायच्या नाहीत. अक्कांच्या राज्यात तीन सारख्या शेजारी येणं हा गुन्हा होता. खून परवडला!

अशा घरात तो व्हिडिओ गेम आला.

त्याचं असं झालं, की धाकटी सून नवऱ्यानेच बसवलेल्या ओल्या पायरीवरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. दिवसभर खुर्चीत बसून ती कंटाळली, तेव्हा तिच्या भावाने माळ्यावरून तिच्या लहानपणचा खेळ शोधून आणला. राखाडी रंगाचा पत्र्याच्या डब्याएवढा यंत्राचा ठोकळा, त्यात वरून खोचायची कॅसेट आणि दोन रिमोट, वायरीसकट. कॅसेट फुंकल्याशिवाय चालायची नाही. धाकटी तिला अशी मन लावून फुंकायची, की अक्का म्हणाल्या, एवढी फुंकर चुलीला घातली असती तर दोन वेळचा स्वयंपाक झाला असता.

खेळ बघितल्यावर मात्र त्या टीव्हीच्या जवळ सरकल्या. पडद्यावर वरून तीन-तीन रंगीत चौकोनांच्या पट्ट्या खाली येत होत्या. फरश्याच त्या! धाकटी त्या डावीकडे-उजवीकडे सरकवून रचत होती. रचता-रचता तीन लाल शेजारी आल्या, लकाकल्या आणि नाहीशा झाल्या. वरच्या फरश्या धाडकन खाली आल्या.

अक्कांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"पडल्या की गं."

"पडल्या नाहीत अक्का, जुळल्या. जुळल्या की जातात."

"जातात म्हणजे? बसवलेली फरशी जाते कुठे?"

धाकटीने समजावून सांगायचा प्रयत्न केला, की त्या जायलाच पाहिजेत, खेळच तसा आहे. अक्कांनी विचारलं, कुणाच्या घरी जायला पाहिजेत? तीन सारख्या शेजारी लावल्यास, म्हणून पडल्या. आमच्याकडे लग्न होऊन आलीस आणि एवढं कळत नाही? मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं. अक्षरांशी अक्कांचं फारसं जमत नसलं तरी आकडे त्यांना चोख येत. आकडा आठ हजारांच्या वर होता आणि दर वेळी फरश्या गेल्या की वाढत होता. हा कशाचा, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, किती गेल्या त्याचा हिशेब ठेवतात.

"म्हणजे चुका," अक्का म्हणाल्या. "आठ हजार चुका! बाई गं, तुझ्या नवऱ्याच्यासुद्धा एवढ्या होत नाहीत."

धाकटीचा पाय ठणकत होता आणि या घरात तिची दोन वर्षं काढून झाली होती. ती म्हणाली, हो.

अक्कांनी तिच्या हातातून रिमोट काढून घेतला.

अंगठा बसायला थोडा वेळ लागला, पण एकदा बसला आणि मग काय विचारता! लाल आली की हिरव्यावर, हिरवी आली की पिवळ्यावर, आडवं बघ, उभं बघ, तिरकं बघ, कुठेही तीन सारख्या येऊ द्यायच्या नाहीत. अक्का ओठ मुडपून लावत गेल्या. एक फरशी हलली नाही. एक सांधा रिकामा राहिला नाही. बघता-बघता भिंत तळापासून छतापर्यंत भरली, कुठूनशी वाजंत्री वाजली आणि पडद्याच्या मधोमध इंग्रजीत दोन शब्द आले. कोपऱ्यात आकडा होता : नुसती शून्यं, ओळीने.

"चूक शून्य," अक्कांनी रिमोट खाली ठेवला. "आणि ते काय लिहिलंय?"

लिहिलं होतं ते खेळ खलास झाल्याचं. वाजंत्रीही खरं तर रडकी होती, कुणी विहिरीत पडावं तशी उतरत गेलेली. धाकटीने दाराकडे पाहिलं. दारात थोरली सून भांडं पुसत उभी होती. थोरलीने डोळे मोठे केले, मान नकारार्थी हलवली आणि पुन्हा भांडं पुसायला लागली. त्या घरात तिची नऊ वर्षं झाली होती.

"काम पूर्ण झालं, असं लिहिलंय," धाकटी म्हणाली.

झालं. तिथून पुढे रोज दुपारी अक्का भिंत पूर्ण करायला बसू लागल्या. एक भिंत झाली की दुसरी. एकट्याने खेळून त्यांचं समाधान होईना. घरातल्या माणसांनी बघायला हवं. मुलं कामावरून येत, हाताचं सिमेंटही धुऊ न देता त्यांना टीव्हीसमोर बसवलं जाई. थोरल्याने एकदा तोंड उघडलं होतं.

"पण अक्का, तो खेळ..."

"पण काय?"

"पण छान लावलंस," थोरला म्हणाला.

मिस्त्री तर काहीच बोलत नसत. ते लग्नाच्या वेळी एकदा 'पसंत आहे' म्हणाले होते, त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. भिंत पूर्ण झाली की ते फक्त मान हलवत.

आता एवढी कर्तबगारी घरात कोंडून कशी राहणार? अक्कांनी इस्त्रीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, समोरच्या दोन्ही जिन्यांना सांगितलं. सुनेच्या रोज हजारांनी चुका होतात, माझी आजवर एक नाही! दूधवाल्याच्या घरी पोरं होती, त्याला खेळ ठाऊक असणार. पण अक्कांसमोर तोही म्हणाला, वा.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडायला दातांच्या डॉक्टरीणबाई याव्या लागल्या.

डॉक्टरीणबाई नवा दवाखाना काढत होत्या. चार खोल्या, बाहेर बाकं, सगळीकडे नवी फरशी. दोघा भावांच्या हाताला बरेच दिवस सलग काम नव्हतं; कुठे मोरी दुरुस्त कर, कुठे निखळलेली पायरी बसव, असं चाललेलं. ही चार खोल्यांची ऑर्डर आली तर वर्षाची चिंता मिटत होती. त्या ऑर्डरमागे फरशीचा एक मोठा दुकानदारही लागला होता. म्हणून डॉक्टरीणबाई स्वतः नमुने बघायला घरी येणार म्हटल्यावर थोरल्याने दाढी केली आणि धाकट्याने दोनदा हात धुतले.

बाई आल्या, बसल्या, चहा घेतला. सतरंजीवर नमुने मांडले होते. त्यातला एक हातात घेऊन त्या काहीतरी विचारणार, एवढ्यात त्यांची नजर टीव्हीखालच्या राखाडी ठोकळ्यावर गेली, आणि चाळिशीची, चष्मा लावलेली, गंभीर बाई एका क्षणात शाळेतली मुलगी झाली. म्हणाल्या, हा आमच्या घरी होता! सुट्टीत मी भावाला रोज हरवायची, तो रडत आईकडे जायचा.

थोरली सून चटकन म्हणाली, डॉक्टरीणबाई, अजून चहा? पण उशीर झाला होता.

"खेळता का माझ्याशी?" अक्का म्हणाल्या.

बाई हसल्या. म्हणाल्या, कधीही. हसल्या ते अक्कांना झोंबलं. त्यांना वाटलं, ही आपल्याला कमी समजली. त्या ताठ बसल्या आणि सगळ्या घराच्या देखत म्हणाल्या, "तुम्ही हरलात तर चारही खोल्यांचं काम आमचं, दुसरीकडे भाव विचारायचा नाही. मी हरले, तर मजुरी घेणार नाही. चारही खोल्या फुकट."

थोरल्याच्या घशात बिस्कीट अडकलं. धाकट्याच्या हातातला नमुना पडला आणि त्याचे दोन झाले. मिस्त्र्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मान हलवली नाही! डॉक्टरीणबाईंना वाटलं गंमत आहे. त्या म्हणाल्या, रविवारी येते, खेळूही आणि फरशीही ठरवू, आणि गेल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बैठक भरली. अक्कांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. थोरला म्हणाला, कुणीतरी तिला खरं सांगायला पाहिजे. सगळ्यांना पटलं. कुणी, हे मात्र ठरेना. थोरला म्हणाला, खोटं धाकटीने सांगितलं, तर खरंही तिनेच सांगावं. धाकटी म्हणाली, भाऊजी, रोज 'छान' कोण म्हणत होतं? थोरली म्हणाली, मी तर एक शब्द बोलले नाही. धाकटी म्हणाली, डोळे कुणी मोठे केले? भांडण वाढलं, बादली भरून वाहायला लागली. शेवटी सगळे मिस्त्र्यांकडे वळले. मिस्त्री म्हणाले, "आता एवढ्या वर्षांनी मी बोलायला लागलो, तर तिला वाटेल मला काहीतरी मोठा आजार झाला," आणि नळ बंद करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी धाकटीने बळ एकवटलं आणि अक्कांना आडवळणाने सुचवलं, की आज गंमत म्हणून तीन सारख्या शेजारी लावून बघूया का? अक्कांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने देवघर भाड्याने द्यायचं सुचवलंय. त्या दिवशी धाकटीला पाण्याचा पेलासुद्धा कुणी जागेवर आणून दिला नाही. थोरल्याने कॅसेट सिमेंटच्या पोत्यात लपवली. अक्कांनी ती दहा मिनिटांत काढली, झटकली, फुंकली आणि विचारलंही नाही, कुणी ठेवली म्हणून. त्यांना वाटलं, उंदीर असेल.

रविवार आला.

दोघी शेजारी-शेजारी बसल्या. पडद्याचे दोन भाग झाले, डावा अक्कांचा, उजवा डॉक्टरीणबाईंचा. घरातली माणसं मागे भिंतीला टेकून ओळीने उभी राहिली, फोटोत उभी राहतात तशी, फक्त हसत नव्हती.

सुरू झालं मात्र आणि डॉक्टरीणबाईंच्या भिंतीची वाट लागली. तीन निळ्या गेल्या. चार पिवळ्या गेल्या. वरचं खाली आलं, खालचं गेलं, सगळं लकलकत होतं आणि चुकांचा आकडा असा पळत होता, की रिक्षाच्या मीटरने शिकवणी लावावी. अक्कांना बघवेना. त्या मागे वाकून खुर्चीतल्या धाकटीला हळूच म्हणाल्या, "बिचारीचं सगळंच निखळतंय गं. आणि ही लोकांच्या तोंडात सिमेंट भरते?"

एवढ्यात, बाईंकडच्या फरश्या गेल्या की अक्कांच्या बाजूला खालून एक-एक ओळ वाढायला लागली. अक्का हरखल्या. स्वतःला जमेना म्हणून बाई त्यांचा माल आपल्याकडे पाठवतात, केवढं मोठं मन! त्यांनी तोही माल बसवून घेतला. लाल, हिरवी, पिवळी, कुठे तीन सारख्या नाहीत, कुठे सांधा मोकळा नाही. भिंत भरली, थेट छतापर्यंत. वाजंत्री वाजली. डावीकडे शब्द आले, उजवीकडे चांदण्या उडाल्या.

अक्कांनी रिमोट खाली ठेवला, पदर सारखा केला आणि डॉक्टरीणबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "हळूहळू जमतं."

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "अक्का, तुम्ही हरलात."

अक्का हसल्या. मग वळून धाकटीला म्हणाल्या, "वाच गं, माझ्याकडे काय लिहिलंय."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने या वेळी डोळे मिटून घेतले होते.

"खेळ खलास, असं लिहिलंय अक्का."

"आणि यांच्याकडे?"

"जिंकलात."

"आणि रोज काय लिहून यायचं?"

"हेच. खलास."

"आणि ती शून्यं?"

"ते मार्क असतात अक्का," धाकटीचा आवाज पार खाली गेला. "जेवढे जास्त, तेवढे चांगले."

फरशी बसवून झाली की ती ठोकून बघायची पद्धत असते. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असला तर आवाज घट्ट येतो. माल नसला तर येतो पोकळ, आणि एकदा तो पोकळ आवाज आला की फरशी उखडून पुन्हा बसवावी लागते. अक्कांनी भिंतीला टेकलेल्या ओळीकडे पाहिलं आणि एकेकाला ठोकून बघायला सुरुवात केली. तुला ठाऊक होतं? थोरल्याने मान हलवली. तुला? धाकट्यानेही. तुला? थोरलीने डोळे न उघडताच हलवली. अख्खी ओळ पोकळ! शेवटी अक्का मिस्त्र्यांसमोर थांबल्या. प्रश्न यायच्या आधीच मिस्त्र्यांनी मान हलवली.

अक्का मटकन सतरंजीवर बसल्या. महिनाभर, रोज दुपारी, सगळ्या घराला बसवून, समोरच्या दोन्ही जिन्यांना सांगून, आपण फक्त हरत होतो! आणि तो दूधवालाही 'वा' म्हणाला होता. त्यांचं तोंड उघडं राहिलं ते मिटेचना. डॉक्टरीणबाई घाबरल्या, जबडा निखळला की काय म्हणून सवयीने पुढे झाल्या. म्हणाल्या, अहो, गंमत होती ती, मजुरी मी पुरी देणार.

तेव्हा कुठे अक्कांना आवाज फुटला.

"शब्द दिला तो दिला. चारही खोल्या फुकट. ज्यांनी मला रोज काम पूर्ण झालं म्हणून सांगितलं, त्यांनी आता ते पूर्ण करावं." मग ओळीकडे वळून म्हणाल्या, "आणि आजपासून या घरात जो माझ्याशी खोटं बोलेल, त्याने आपली चूल वेगळी मांडावी."

डॉक्टरीणबाईही काही कमी हट्टी नव्हत्या. त्या म्हणाल्या, फुकट काम घेणं मला जमणार नाही. मग मीही घरातल्या सगळ्यांचे दात फुकट दुरुस्त करून देणार, कबूल असेल तर काम तुमचं, नाहीतर त्या दुकानदाराचं. अक्कांनी कबूल केलं. दातांचं ऐकून थोरल्याचा चेहरा मजुरी गेल्यापेक्षा जास्त पडला.

पुढचे दिवस अक्कांना जड गेले. खरं बोलायचा हुकूम त्यांनीच काढला होता आणि घरच्यांनी तो फार मनावर घेतला. चहात साखर फार असते, हे कळलं. जावेच्या घरी गेल्यावर त्या तिच्याशी हसून बोलतात तेव्हा ती मुद्दाम गॅलरीत निघून जाते, हे कळलं. मिस्त्र्यांनीसुद्धा एका सकाळी बसल्या-बसल्या सांगितलं, की तू रेडिओबरोबर गातेस तेव्हा मी रेडिओ ऐकायला शेजारी जातो. अक्का सगळं ताठ मानेने ऐकून घेत. हुकूम मागे घेणं म्हणजे पुन्हा हरणं होतं.

दवाखान्याचं काम मात्र असं झालं, की विचारू नका. सगळं घर राबलं. प्लास्टर निघालेली धाकटीसुद्धा बसून माल मिसळत होती. चारही खोल्यांतून अक्का अनवाणी फिरल्या आणि त्यांच्या तळव्याला काही लागलं नाही. पुढे बाकावर बसलेले पेशंट, वर बघायची हिंमत नसल्यामुळे, खालीच बघत बसत. आणि त्यांतले दोघे-तिघे फरशी कुणी बसवली म्हणून विचारायलाही लागले. पण ते नंतर. आधी दात.

ठरल्या दिवशी सगळे ओळीने हजर झाले. दोन्ही खांद्यांवर फरशीची खोकी पेलणारा थोरला सुई बघून धाकट्याचा हात धरून बसला. प्रत्येकाच्या वेळी अक्का खुर्चीशेजारी उभ्या.

"याच तोंडाने छान म्हणालास ना? उघड."

एकेकाचं उरकलं. कुणाची एक दाढ भरली, कुणाचे दात साफ केले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता अक्का, तुम्ही. अक्का म्हणाल्या, माझे दात उत्तम आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोण म्हणालं? अक्कांनी वळून घरच्यांकडे पाहिलं. हुकूम लागू होता. कुणीही मान हलवली नाही.

अक्का खुर्चीत बसल्या. बाईंनी दिवा खाली ओढला, आरसा आत घातला आणि एकेक दाढ ठोकून बघितली. मग म्हणाल्या, तीन दाढा पार गेल्यात. शेजारी-शेजारीच. काढाव्या लागतील. धाकटीने एकदम पदर तोंडात कोंबला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

सुई टोचली. पक्कड आत गेली. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांपर्यंत ओघळलं. खुर्चीचा हात त्यांनी असा आवळला, की त्याचा खिळा कुरकुरला.

डॉक्टरीणबाईंनी हात थांबवला आणि विचारलं, "दुखतंय का?"

"छे," अक्का म्हणाल्या. "मुळीच नाही."

बाईंना खरं वाटेना. त्यांनी दाराकडे बघून घरच्यांनाच विचारलं, नक्की दुखत नाही ना यांना? दारात सगळे उभे होते. आधी मिस्त्र्यांची मान हलली. मग थोरल्याची, मग धाकट्याची, मग दोन्ही सुनांची. नाही हो, नाही दुखत त्यांना. बघा ना, किती आरामात बसल्यात.

त्या खोटेपणाबद्दल मात्र घरात कुणालाच चूल वेगळी मांडावी लागली नाही.